हजेरीपटावर नाव नाही, मग मेला कोण?

बोईसर-तारापूरच्या कामगार बंधू-भगिनींनो,

8 मार्च 2018 च्या रात्री आगीत तीन. 11 जानेवारी 2020 ला कोळवड्याच्या स्फोटात आठ. 26 ऑक्टोबर 2022 ला पुन्हा स्फोट, पुन्हा तीन. 21 ऑगस्ट 2025 ला एका औषध कारखान्यात वायुगळती, चार. तारापूर औद्योगिक क्षेत्रातल्या सगळ्या दुर्घटनांची ही यादी नाही. त्यातल्या चारच घेतल्या, आणि चारांतच अठरा माणसं गेली. हे तुम्हाला सांगायला पत्रक छापायची गरज नव्हती. स्फोटाने खिडक्या हादरतात त्या तुमच्याच खोल्यांच्या.

पत्रक काढावं लागलं ते ऑगस्टनंतर जिकडेतिकडे ऐकू आलेल्या एका शहाणपणामुळे. टपरीवर, लोकलच्या डब्यात, सत्काराच्या व्यासपीठावर, सगळीकडे एकच सूर: "आता युनियनचा जमाना राहिला नाही. युनियनने कामगाराचं भलं काय केलं?" प्रश्न विचारणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे. या अठरा माणसांच्या बाजूने त्या गेटांवर बोलणारं कोण होतं? युनियनने भलं केलं की वाटोळं, हा वाद घालायला आधी युनियन असावी लागते. ती का नाही, याचं उत्तर तुमच्या गळ्यातल्या पासावर छापलेलं आहे.

तो पास एकदा नीट वाचा. फोटो तुमचा. खाली ठेकेदाराच्या एजन्सीचं नाव. कारखान्याचं नाव बहुतेक नसतंच. असलं तर 'कामाचे ठिकाण' म्हणून, बारीक अक्षरात. दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो, नवा पास येतो. फोटो तोच, रिअॅक्टर तोच, सुपरवायझर तोच, नाईटला डुलक्या घेणारा शिफ्ट इनचार्जही तोच. बदलतं एकच, तुमचा मालक. आणि मालक बदलला म्हणून तुमची नोकरी त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दहा वर्षं एकाच व्हॉल्व्हवर हात असलेला माणूस कागदावर दहा महिन्यांचा नवशिका असतो. ही किमया कुठल्या मशीनची नाही, ही ठेकेदारीची.

आमचं भांडण आहे ते हिच्याशी. मालक चांगला की वाईट, ठेकेदार आपल्या गावचा की बाहेरचा, यात आम्ही शिरत नाही. चांगला ठेकेदार दिवाळीला मिठाईचा डबा देतो, वाईट देत नाही, एवढाच फरक. दोघांच्याही वहीत तुम्ही कारखान्याचे कामगार नसता.

आता ही वही पैशाच्या हिशेबात काय करते ते बघा. किमान वेतनाचा दर मोडला तर पकडले जातील, म्हणून रोज पूर्ण दाखवायचा आणि दिवस कमी दाखवायचे, ही युक्ती एमआयडीसीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काम सव्वीस दिवसांचं, वहीत पंधरा-सोळा, उरलेलं रोख हातात. महिना निघतो, कामगारही कुरकुर करत नाही. पण भरपाईचा तक्ता हातातली रोख बघत नाही. आजवर मृत्यूची भरपाई निघत आली ती निम्मा मासिक पगार गुणिले वयाचा आकडा, या हिशेबाने. तिशीच्या माणसाचा आकडा 207.98. पगार कितीही असो, हिशेबात धरायचे फार तर 15,000. म्हणजे 15,59,850 रुपये. तोच माणूस वहीत 9,000 चा असेल तर 9,35,910. वहीतल्या गाळलेल्या दिवसांची किंमत 6,23,940 रुपये, आणि ती भरते विधवा. ईएसआयसीत नाव असेल तर भरपाईऐवजी घरच्यांना पेन्शन मिळते, पण तीही कागदावरच्या पगाराच्या 90 टक्क्यांवर. कागद तोच, कात्री तीच.

यावर कोणी म्हणेल, मग कोर्टात जा. गेले होते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावातच निर्मूलन होतं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कंत्राट पद्धत बंद झाली की तो कामगार आपोआप मूळ मालकाचा. पाच वर्षंही टिकलं नाही. 2001 मध्ये घटनापीठाने ते फिरवलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच प्रकरणांमध्ये आणखी एक गोष्ट पक्की झाली: मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या 1971 च्या आपल्या राज्य कायद्याखाली तक्रार चालणार नाही. आधी दुसऱ्या दारात जाऊन तुम्ही कंपनीचे आहात हे सिद्ध करा, मग कंपनीविरुद्ध बोला. आता सिद्ध कशाने करणार? पास ठेकेदाराचा, पगाराची स्लिप ठेकेदाराची, पीएफ ठेकेदाराच्या कोडवर. कंपनीचा म्हणून तुमच्यापाशी पुरावा एकच, हातावरचा अॅसिडचा डाग, आणि तो लेबर कोर्ट दाखल करून घेत नाही.

कायदा सैल करण्यात राज्यही मागे नव्हतं. कंत्राटी कामगार कायदा वीस माणसांना लागू होता, 2017 पासून महाराष्ट्रात तो पन्नासवर नेला. नव्या संहितेतही पन्नासच. पंचेचाळीस-पंचेचाळीस माणसांचे ठेकेदार एकाएकी का उगवले, याचं कोडं कोणाला पडलं असेल तर ते इथे सुटावं.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. मालकाशी वाटाघाट करायला एकट्या युनियनला मान्यता हवी असेल तर 51 टक्के कामगार तिच्या मागे हवेत. कशाचे 51 टक्के? आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या कामगारांचे. राज्याच्या 1971 च्या कायद्यात 30 टक्के पुरायचे, पण मेख टक्क्यांत नाही, हजेरीपटात आहे. प्लांटमध्ये तीनशे माणसं राबतात आणि कंपनीच्या हजेरीपटावर साठ असतात. त्या साठांतले निम्मे ऑफिसात, लॅबमध्ये. उरलेले दोनशे चाळीस पाच ठेकेदारांच्या पाच वह्यांत विखुरलेले. त्यांनी एकमुखाने ठरवलं तरी ते त्या कारखान्याचा एक टक्काही होत नाहीत. वर्गणी घ्यायची कोणाकडून, बोर्ड लावायचा कोणत्या गेटवर, मागणीपत्र द्यायचं कोणाला? आणि मग युनियनला नावं ठेवणारे हेच लोक मान हलवत सांगतात की कामगारांनाच आता युनियन नको आहे.

वार्षिक औद्योगिक पाहणीच्या आकड्यांत देशातल्या कारखान्यांमधला कंत्राटी कामगारांचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला साधारण 20 टक्के होता, आज तो 40 च्या वर आहे. युनियन कमजोर झाल्या त्याच वीस-पंचवीस वर्षांत. हा योगायोग म्हणणाऱ्याला आमचा दंडवत.

आता ज्यांच्या गेटवर युनियनचा बोर्ड आहे त्यांच्याशी दोन शब्द, कारण तुम्हीही धुतल्या तांदळाचे नाहीत. तुमचं सेटलमेंट तीन वर्षांनी होतं, पेढे वाटले जातात, बॅनरवर फोटो झळकतात. त्या करारात तुमच्याशेजारी त्याच ड्रमला खांदा लावणाऱ्या कंत्राटी पोराचं कलम कितवं असतं? नसतंच. 'ते ठेकेदाराचे आहेत' हे मालकाचं वाक्य तुम्ही पाठ केलंत. त्याला सेफ्टी शूज मिळाले नाहीत तेव्हा तुम्ही बघितलंत आणि आपले शूज बांधलेत. तुमच्यातला एक रिटायर होतो, त्याच्या जागी परमनंट भरत नाहीत, दोन ठेकेदाराचे येतात. दहा वर्षांनी तुमचा बोर्ड उतरवायला पोलीस लागणार नाहीत. त्याखाली उभं राहायला माणूसच उरलेला नसेल.

आणि काही पुढारी असे आहेत की ज्यांना कामगाराच्या मागणीपत्राआधी भंगाराचं टेंडर दिसतं. संप पुकारायचा, भंगाराचा नाहीतर मजूर पुरवण्याचा ठेका घ्यायचा, संप मिटवायचा. पुढारी स्वतःच ठेकेदार झाला की युनियनचं काम संपलं. 'युनियन म्हणजे खंडणी' हा पहिला आक्षेप जे घेतात ते या मंडळींकडे बोट दाखवतात, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं खरं आहे. फक्त असल्या पुढाऱ्याला ठेका देतं कोण, हे सांगताना त्यांचा आवाज बसतो.

दुसरा आक्षेप दगडांचा. 2023 च्या मे महिन्यात बोईसरच्या एका पोलाद कारखान्यात दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले. दगड मारणाऱ्याचं समर्थन आम्ही करणार नाही. पण कोणी हेही सांगावं की जिथे बोलायला टेबलच ठेवलेलं नाही तिथे माणसं कुठे बोलतील अशी अपेक्षा होती.

तिसरा, सगळ्यांचा लाडका: 1982. "गिरण्या संपाने बुडाल्या." 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तो संप आजतागायत रीतसर मागे घेतलेला नाही. त्यांच्या मागण्यांमध्ये पगार होता, तसं 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणंही होतं. त्या कायद्याने एकाच युनियनला मान्यता दिली होती आणि कामगारांना ती नको होती तरी बोलायचा हक्क तिलाच होता. आपल्या नावाने कोण बोलणार हे ठरवण्याचा हक्क हिरावला की काय होतं, त्याचा तो धडा आहे. गंमत अशी की युनियनला नावं ठेवायलाच तो सगळ्यात जास्त वापरला जातो.

चौथा: "जास्त बोललात तर कारखाने वापीला जातील." डहाणू, घोलवड, उमरगाव, संजाण ओलांडलं की वापी, हे आम्हालाही माहीत आहे. ही धमकी आम्ही समज आल्यापासून ऐकतो. गेली कित्येक वर्षं इथल्या बहुतेक गेटांवर युनियनचं नाव नाही. तरीही कारखाने जात असतील तर कामगाराच्या तोंडामुळे नक्कीच जात नाहीत.

राहता राहिलं "बाहेरचे कामगार आहेत, अशिक्षित आहेत, ते कसले संघटित होणार." हे याच मातीत उभं राहून म्हणणाऱ्याची कीव येते. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरीत वारली जमले. त्यांना हजेरीपट नव्हता, पास नव्हता, अक्षरओळख नव्हती. सावकाराची आणि जमीनदाराची वेठ होती, जंगलात ठेकेदार होता. हो, तेव्हाही ठेकेदारच. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने त्यांना सांगितलं की फुकट राबायचं नाही, आणि पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये मागायचे. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण पडले. वेठ मात्र पुन्हा उभी राहिली नाही. कोणत्या कायद्याच्या किती टक्क्यांत ते बसत होते?

हे आज म्हणायची घाई का, तेही सांगतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस 9 तासांवरून 12 पर्यंत नेण्याला मान्यता दिली, तिमाहीतला ओव्हरटाइम 115 तासांवरून 144. मात्र कामगाराची लेखी संमती हवी, असा दिलासा सोबत आहे. ज्याला उद्या गेटवर "तुझा पास बंद" एवढंच सांगून घरी पाठवता येतं, त्याची लेखी संमती! बारा तास सॉल्व्हंटच्या वासात उभा राहिलेला माणूस अकराव्या तासाला गेज चुकीचं वाचेल, तेव्हाही चौकशीच्या अहवालात 'मानवी चूक' हेच लिहिलं जाईल.

म्हणून मागण्या मोजक्या. प्लांटमध्ये दर शिफ्टला आत असलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, मग तो कोणाच्याही वहीतला असो, एकाच यादीत गेटवर लागलं पाहिजे. प्रक्रियेच्या कामावर, रिअॅक्टरवर, सेंट्रिफ्यूजवर ठेकेदाराचा माणूस नको. ठेकेदार बदलला तरी नोकरीची तारीख तीच राहिली पाहिजे. आणि जिथे बोर्ड आहे तिथल्या पुढच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांचं कलम पहिलं हवं. शेवटचं नको, कारण शेवटच्या कलमावर नेहमी 'नंतर बघू' होतं.

पत्रक मराठीत आहे. खोलीत तुमच्याबरोबर राहणाऱ्या झारखंडच्या, यूपी-बिहारच्या पोरांना ते हिंदीत वाचून दाखवा. 6,23,940 चा हिशेब तर दोनदा सांगा, आणि त्यांच्या वहीत या महिन्याचे किती दिवस लागले ते विचारा.