भिंतीला भोकं हवीत

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या कब्रस्तानची भिंत रस्त्याकडे झुकली. जमातीच्या बैठकीत एकच सूर: ठेकेदाराने सिमेंट खाल्ले. मला तसे वाटत नाही. सिमेंट होते, पाण्याला वाट नव्हती.

रत्नागिरीत भिंत म्हणजे जांभ्याचा चिरा. भारतीय मानकाप्रमाणे चिऱ्याने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 35 किलो भार सोसायला हवा. 1910 चा थिबा राजवाडा जांभ्याचाच, अजून उभा आहे. वरच्या भाराने चिरा सहसा चिरडत नाही. छपराचे वजन तर भिंतीला दाबून धरते. मोकळी भिंत पडते ती बाजूच्या रेट्याने, कारण सांध्यांना ओढ सोसत नाही. भिंतीमागे 1 मीटर पाणी साठले तर दर मीटर लांबीवर 500 किलोचा रेटा येतो. 2 मीटर साठले तर दुप्पट नव्हे, चौपट: 2000 किलो. ओल्या मातीचा रेटा वेगळाच.

आजोबांच्या वेळचा गडगा नुसता दगडांवर दगड रचलेला असे. पाणी फटींतून निघून जाई. आखाती पैसा आला, गडगे गेले, गिलावा केलेल्या भिंती आल्या. दिसायला भक्कम, मागे पाण्याची टाकी.

29 जून 2019 ला पुण्यात कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, 15 जण गेले. तीनच दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात तेच घडले. दोन्हीकडे मेले ते भिंतीच्या आडोशाला झोपलेले गरीब. भिंत एकाची, मरण दुसऱ्याचे.

आता आमच्याकडे तीच भिंत आणखी उंच बांधायचे चालले आहे. मी म्हटले, आधी दर दीड मीटरवर भोकं ठेवा, मागे खडी भरा, जोडखांब द्या. एक बुजुर्ग म्हणाले, "कब्रस्तानचे पाणी रस्त्यावर सोडायचे? बेअदबी होईल." त्यांची भावना मला कळते. पण ते पाणी गटारात नेता येते. भिंतीखाली सावलीला बसणारी मासेवाली दबून मेली, तर ती बेअदबी कोणाची?

सूरे कहफमध्ये हजरत खिज्र पडायला आलेली एक भिंत मजुरी न घेता सावरतात, तीही ज्या गावाने पाहुणचार नाकारला त्या गावात. इथे तर भिंत आपलीच आहे.