माळव्याच्या मातीत चालणारी फ्रेम

गिऱ्हाईक दुकानात येतं आणि पहिला प्रश्न विचारतं, गिअर किती. दुसरा प्रश्न शॉकअपचा असतो, तिसरा वजनाचा. फ्रेमबद्दल विचारणारं गिऱ्हाईक विरळा, आणि न विचारता फ्रेमबद्दल सांगणारा दुकानदार त्याहून विरळा. हा क्रम उलटा व्हावा, असं आमचं ठाम मत आहे. डिरेलर, ब्रेक, चाकं, फोर्क हे सगळं चार-सहा वर्षांत झिजतं किंवा बदललं जातं. फ्रेम राहते, आणि पुढे काय बदलता येईल हेही तीच ठरवते. ट्रेलसाठी अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल घेणाऱ्याला आधी फ्रेम दाखवा, बाकीचं नंतर.

पण कोणती फ्रेम, याचं उत्तर गावागावाला बदलतं. या वेळी आम्ही ते उज्जैनच्या जमिनीवरून शोधायचं ठरवलं. उज्जैन, इंदूर, देवास, धार ही शिंदे, होळकर, पवारांची गावं. तिथे आजही मराठी घरं आहेत आणि आमचे वाचकही आहेत. आमची तांत्रिक चर्चा मात्र पुण्या-नाशिकच्या टेकड्यांभोवतीच फिरत राहते. तिथे पायाखाली मुरूम आणि खडक, कोकणात जांभा. पाऊस उघडला की अशा वाटा काही तासांत चालवण्याजोग्या होतात. माळव्यात तसं होत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट झिजून इथली काळी माती झाली. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं आणि सुकलं की आकसतं. पावसाळ्यात ही माती टायरला चिकटते, मग मातीलाच माती चिकटते, त्यात गवत आणि सोयाबीनचा काड मिसळतो आणि मागचं चाक जागेवर थांबतं. उन्हाळ्यात त्याच वाटेवर भेगा पडतात, ट्रॅक्टरची चाकोरी आणि गुरांच्या खुरांचे ठसे वाळून कडक होतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

उज्जैनभोवतीचा पंचक्रोशी यात्रेचा फेरा ११८ किलोमीटरचा आहे. पिंगळेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल असा तो जातो, आणि वैशाखाच्या उन्हात यात्रेकरू तो पायी पुरा करतात. या फेऱ्याच्या आजूबाजूच्या शेतवाटा म्हणजे इथलं रोजचं ट्रेल: लांब, जवळजवळ सपाट आणि सतत खडबडीत. खरे चढ-उतार हवे असतील तर इंदूरच्या पलीकडे विंध्याच्या कडेला जावं लागतं, जानापाव, चोरल, पातालपाणीकडे. त्यात २०२८चा सिंहस्थ जवळ येतो आहे आणि इंदूर-उज्जैन रस्ता सहापदरी होतो आहे. मोठ्या रस्त्यावरून सायकलस्वार आणखी बाजूला सरकणार आणि शेतवाटांकडे वळणार, असा आमचा अंदाज आहे. अशा सायकलस्वाराला चुकीची फ्रेम विकली गेली तर पहिल्याच पावसात सायकल कोपऱ्यात पडेल.

माळव्यासाठी फ्रेमची पहिली परीक्षा म्हणजे मागच्या चाकाभोवतीची जागा. कॅटलॉगमध्ये ‘२.३ इंचापर्यंत टायर’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की, कोरडा टायर घासणार नाही. काळ्या मातीत तेवढ्याने भागत नाही. सायकल जो टायर लावून विकणार आहात तो पूर्ण हवा भरून बसवा आणि १० मिलिमीटरची अ‍ॅलन की हातात घ्या. टायर आणि चेनस्टे यांच्यामधून ती दोन्ही बाजूंनी मोकळी गेली पाहिजे. मग तीच परीक्षा सीटस्टेच्या वरच्या जोडापाशी आणि सीट ट्यूबच्या मागे करा. सगळ्यात जास्त लक्ष बीबीच्या मागच्या आडव्या पुलाकडे द्या. काही फ्रेममध्ये हा पूल टायरच्या इतका जवळ असतो की त्यावर मातीचा थर बसतो आणि पुढचा सगळा चिखल तिथेच अडतो. पूल नसलेली किंवा तो टायरपासून लांब ठेवलेली फ्रेम इथे नेहमी सरस ठरते. चेनस्टे ४२० मिलिमीटरपर्यंत आखूड करण्याची हौस डोंगरउतारावरच्या चपळ वळणांसाठी असेल. सपाटीवर ४३५च्या आसपासची लांबी चालते, आणि वाढलेली जागा मातीला मिळते. पुढे एकच चेनरिंग असलेली रचना घ्या असंही आम्ही म्हणू, कारण पुढचा डिरेलर गेला की बीबीपाशी चिखल धरणारी आणखी एक जागा कमी होते. ३२ दात पुढे आणि ११ ते ४६ किंवा ५१ मागे, एवढ्यात जानापावचा चढही निघतो.

याच ओघात एक गोष्ट रायडर मंडळींना सांगायची आहे. जागा कितीही असली तरी ओल्या काळ्या मातीत सायकल घालू नका. तुमच्या चाकाने पडलेली चाकोरी तशीच वाळते आणि मग शेतकऱ्याला, त्याच्या बैलाला वर्षभर तीतून चालावं लागतं. फ्रेममधली जागा अचानक आलेल्या सरीत घरी परतण्यासाठी हवी.

बीबी आट्यांचीच घ्या. ७३ मिलिमीटर रुंदीचं बीएसए शेल, उजवा कप उलट्या आट्यांचा, हे आपल्या प्रत्येक मेकॅनिकच्या हाताला माहीत आहे आणि त्याचे कप मिळतात. दाबून बसवायच्या बीबीची सारी भिस्त शेलच्या अचूक मापावर असते. माप किंचित चुकलं आणि बारीक माती आत गेली की करकर सुरू होते, आणि ती घालवण्याचा खात्रीचा उपाय लहान गावातल्या दुकानात नसतो. शेलच्या तळाला पाणी निघायचं भोक आहे का, तेही पाहा. फ्रेमच्या पोटातून जाणाऱ्या केबल दिसायला छान, पण त्या भोकांतून पाणी आणि गाळ आत उतरतो. बाहेरून जाणारी केबल रस्त्यावर उभं राहून बदलता येते. डिरेलरचा हँगर बदलता येणारा नसेल तर ती अ‍ॅल्युमिनियम फ्रेम विकूच नका. पोलादाचा हँगर वाकवून सरळ करता येतो, अ‍ॅल्युमिनियमचा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुटतो, आणि हँगर फ्रेमचाच भाग असेल तर फ्रेमच गेली. हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत. २०१९मध्ये स्रॅमने एकच आकार सर्वांसाठी खुला केला. ती सोय असलेली फ्रेम मिळाली तर उत्तम. नसेल तर सायकल विकतानाच एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत घालून द्या.

आता मिश्रधातू. नळीवर ६०६१ किंवा ७००५ असं लिहिलेलं असतं, आणि त्यावरून वाद घालण्यात आपल्याकडे बराच वेळ जातो. दोन्हींतून चांगली फ्रेम होते. ६०६१मध्ये मुख्यतः मॅग्नेशियम आणि सिलिकॉन, ७००५मध्ये जस्त. ६०६१ची फ्रेम वेल्डिंगनंतर सुमारे ५३० अंशांना तापवून विझवावी लागते आणि मग कमी तापमानाच्या भट्टीत तासन् तास मुरवावी लागते, तेव्हा तिला टी-६ ही अवस्था येते. ७००५ला पहिला, मोठा टप्पा लागत नाही. म्हणजे आकड्यापेक्षा भट्टीचं काम महत्त्वाचं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो, मिश्रधातूचा आकडा पाहण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा. फ्रेमवर किती वर्षांची हमी, कोणत्या वापरासाठी आणि बदली फ्रेम कुठून येणार, हे लेखी मागा.

नळ्यांची जाडी दाखवून ‘मजबूत फ्रेम’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला मात्र थांबवायला हवं. अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश, आणि ताठपणाही तेवढाच कमी. ही उणीव भरून काढते ती नळीची रुंदी. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं, ताठपणा आठपट. १९७०च्या दशकात एमआयटीत गॅरी क्लाइनने रुंद नळ्यांच्या फ्रेम याच हिशेबाने बनवल्या आणि १९७९मध्ये कॅलिफोर्नियात चार्ली कनिंगहॅमने अ‍ॅल्युमिनियमची माउंटन बाइक उभी केली. आजची प्रत्येक जाडजूड दिसणारी डाउन ट्यूब त्यांच्या वंशातली आहे. दोन फ्रेममधला तीनशे ग्रॅमचा फरक मात्र माळव्यात विसरून जा. एका ओल्या शेतवाटेवर त्याहून जास्त माती तुम्ही घरी आणता.

हेड ट्यूबच्या मापाकडे दुकानात सहसा कुणी पाहत नाही, आणि पुढे पस्तावतात ते इथेच. स्वस्त फ्रेमची हेड ट्यूब ३४ मिलिमीटर आतल्या व्यासाची असते. तिच्यात फक्त सव्वा इंचाहून बारीक, सरळ स्टिअररचा फोर्क बसतो, आणि चांगले नवे फोर्क जवळजवळ सगळे खाली रुंद होत जाणाऱ्या स्टिअररचे येतात. ४४ मिलिमीटरची हेड ट्यूब असेल तर खालचा कप बाहेरचा लावून दोन्ही प्रकार बसतात. गिऱ्हाइकाचा खिसा आज लहान असेल तर साधा फोर्क लावून द्या, पण हेड ट्यूब ४४ची किंवा टेपर्ड द्या. मागे १२ मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल, १४२ किंवा १४८ रुंदीचा, हीही अशीच मागाहून न बदलता येणारी गोष्ट.

कोनांच्या बाबतीत आमचं मत सध्याच्या लाटेच्या थोडं उलट आहे. ६४ अंशांचा हेड अँगल सह्याद्रीच्या तीव्र उतारासाठी ठीक. उज्जैनच्या चाकोऱ्यांत हळू वेगाने वाट काढताना तसं पुढचं चाक भरकटतं. ६६ ते ६७ अंश, १२० मिलिमीटरचा फोर्क आणि ७५ अंशांच्या आसपासची सीट ट्यूब हे आमच्या मते इथलं माप. ज्या फ्रेमला १०० मिलिमीटरच्या फोर्कची परवानगी आहे तिला १२०चा लावला तर कोन साधारण एक अंशाने कमी होतो, पण हेड ट्यूबच्या जोडावरचा ताणही वाढतो. कंपनीने लिहिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नका.

ताणाचा हा विषय आम्ही काढतो त्याला कारण आहे. पोलादात एका मर्यादेखालचे हादरे कितीही बसले तरी तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हादरा थोडासा खर्च होऊन बसतो, लहान हादऱ्याचा खर्च फार कमी, पण शून्य नाही. आयएसओ ४२१० मानकात माउंटन बाइकच्या फ्रेमवर पेडलमार्फत १,२०० न्यूटनचं, म्हणजे सुमारे १२२ किलो वजनाइतकं बल १ लाख वेळा देऊन पाहतात. या मानकाचा उल्लेख नसलेली फ्रेम ट्रेलसाठी विकू नये. फ्रेमवर वापराच्या वर्गाचा स्टिकर असेल तर तोही वाचून दाखवा: एएसटीएमच्या वर्ग २मध्ये उडी १५ सेंटिमीटरपर्यंत, वर्ग ३मध्ये ६१पर्यंत. रंगरूपाने सारख्या दिसणाऱ्या दोन सायकलींत हा फरक असू शकतो. वाळलेल्या खुरांच्या ठशांवरून रोज जाणाऱ्याने रुंद टायर आणि कमी हवा ठेवली तर फ्रेमपर्यंत पोचणारा हादराच कमी होतो. हार्डटेलच्या मागच्या बाजूला तेवढाच एक आधार असतो.

सर्व्हिसिंगला आलेली प्रत्येक अ‍ॅल्युमिनियम फ्रेम धुऊन, पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहा: हेड ट्यूबखाली, सीट क्लँपपाशी, बीबीभोवती, ब्रेकच्या माउंटजवळ. रंगावरची केसाएवढी रेघ नखाला लागली तर सायकल परत रस्त्यावर जाऊ देऊ नका. अडकलेली सीटपोस्ट काढायला ब्लोलँप लावू नका. टी-६ अवस्था १६० ते १८० अंशांच्या भट्टीत घडते, आणि ज्योत तो आकडा क्षणात ओलांडते. आणि तडा गेलेली नळी गावातल्या टिग वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेण्याची रीत बंद करा. वेल्डच्या शेजारचा ६०६१ आपली निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो, आणि ती परत आणणारी भट्टी त्या दुकानात नसते. गिऱ्हाइकाने गळ घातली तरी नकार द्या, सुटे भाग काढून त्याच्या हवाली करा, आणि फ्रेम भंगारात देण्याआधी हेड ट्यूब कापून टाका, म्हणजे ती रंगवून पुन्हा कुणाला विकली जाणार नाही.