मांजर जाड झाले, हे सांगायचे कसे?

सावेडीतल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मांजराला ना उंदीर, ना कौलांवरच्या उड्या. नसबंदीनंतर त्याची अन्नाची गरज कमी होते, भूक मात्र कमी होत नाही. त्यात दादीजान दूध देतात, अब्बा मटणाचा तुकडा टाकतात, मुले पाकिटातला सुका खाऊ घालतात. प्रत्येकाला वाटते, आपण थोडेच दिले.

4 किलोच्या मांजराचे वजन 1 किलोने वाढणे म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 15 किलोने वाढणे. त्यातून मधुमेह होतो, सांधे दुखतात, स्वतःची पाठ चाटून साफ करणेही जमत नाही.

हे मालकाला बहुधा प्रथम सांगतो तो दवाखान्यात वजन करणारा मदतनीस. आपल्यापैकी काहींची मुलेमुली हे काम करत असतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की "किती लठ्ठ करून ठेवलेय!" असे म्हणू नका. आपल्या घरांत खाऊ घालणे हीच माया असते. मायेला दोष दिला की माणूस खजील होतो आणि पुन्हा येत नाही. नाहीतर घरी जाऊन मांजराचे खाणेच तोडतो. ते जास्त धोक्याचे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर चरबी यकृतात साचते आणि जीवही जाऊ शकतो.

म्हणून आधी विचारा, "याच्या वजनाबद्दल दोन मिनिटे बोलू का?" मग, "दिवसभरात घरातले कोण कोण काय देते?" नंतर मालकाचाच हात मांजराच्या बरगड्यांवर ठेवा. हलक्या स्पर्शाला लागल्या तर ठीक, दाबून शोधाव्या लागल्या तर चरबी जास्त. 1 ते 9 अंकांचा तक्ता दाखवा, त्यात 5 हा योग्य अंक. हाताला कळले की वाद उरत नाही.

घाई मात्र नको. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्याला वजनाच्या 1 टक्क्याच्या आसपास, म्हणजे 5 किलोच्या मांजरात 50 ग्रॅम, घट पुरे.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आपण मुलांना सांगतो. मुका जीव ही अल्लाहची अमानत आहे. तिला उपाशी ठेवू नये, तसे खाऊ घालून आजारीही पाडू नये. आजच ठरवा, मांजराचे खाणे घरातले एकच माणूस देईल, तेही मोजून.