‘लक्ष्याची आई’ला नाव आहे!

रविवारची दुपार, हातात रिमोट आणि टीव्हीवर ‘झपाटलेला’. चॅनेल बदलायची कोणाची टाप आहे? तात्या विंचूचा प्रत्येक डायलॉग आपल्याला पाठ. परवा मी आमच्या ग्रुपवर सहज विचारलं, यात लक्ष्याच्या आईचं काम कोणी केलंय? धडाधड उत्तरं आली. ‘अगं ती... लक्ष्याची आई!’ नाव मात्र एकालाही सांगता आलं नाही.

तर मंडळी, त्या मधू कांबीकर. आणि गंमत बघा, लक्ष्मीकांत बेर्डे आणि त्या वयानं जवळपास बरोबरीच्या!

लक्ष्याची आई त्या एकदाच झाल्या नाहीत. ‘झपाटलेला’ 1993 चा. त्याच्या आदल्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ आला, पटकथा पुलंची. त्यातही लक्ष्या मुलगा आणि मधूताई आई. पण ही आई कसली भन्नाट! तमाशात नाचणारी मंजुळा. इनामदाराची झालेली, पण इनामदारीण कधीच न झालेली. तिच्या पोटी आलेल्या आबूरावला वडिलांचं घराणं नाही, आहे तो आईचा फड. सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही याच सिनेमासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना मिळाला.

कोल्हापूरकर, कांबीकर... लक्षात येतंय? अहिल्यानगर जिल्ह्यात (तेव्हाचं अहमदनगर) शेवगाव तालुक्यात कांबी नावाचं गाव आहे. याच जिल्ह्यात, संगमनेरजवळ हिवरगाव आहे, तिथली पवळा. पठ्ठे बापूरावांच्या फडात नाचली आणि पवळा हिवरगावकर म्हणून महाराष्ट्रभर गाजली. आपण फॉर्म भरताना मधल्या रकान्यात वडिलांचं नाव बिनधास्त लिहून मोकळे होतो. फडातल्या बायकांना ती सोय बऱ्याचदा नव्हतीच. मग त्यांनी गावालाच आडनाव केलं, आणि त्या आडनावाला किंमत आणली ती स्वतःच्या पायांनी, गळ्यानं, डोळ्यांनी.

मधूताई आल्या त्या याच लावणीच्या दुनियेतून. अशा कलावतीला सिनेमात एकच काम ठरलेलं असायचं. एक गाणं, दोन ठुमके, की बाई पडद्याबाहेर. पण 1982 मध्ये राजदत्त आणि अरविंद देशपांडे यांचा ‘शापित’ आला. गावाकडच्या पिळवणुकीची गोष्ट, समोर यशवंत दत्तसारखा नट, आणि मधूताई प्रमुख भूमिकेत! त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि एवढं होऊनही त्यांनी लावणीकडे पाठ फिरवली नाही. उलट ‘सखी माझी लावणी’ घेऊन त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या.

मला खटकतं ते एवढंच. आडनावासाठी कोणावर अवलंबून न राहिलेली बाई आपल्या डोक्यात राहिली ती कोणाची तरी आई म्हणून. चूक ‘झपाटलेला’ची नाही, श्रेयनामावली सुरू झाली की चहा टाकायला उठणाऱ्या आपल्या सवयीची आहे. या वीकेंडला ‘एक होता विदूषक’ शोधून बघाच. आणि कोणी ‘ही तर लक्ष्याची आई’ म्हणालं, तर पॉज दाबा आणि नाव सांगा. पूर्ण नाव!