कोर्टाच्या कागदांतील शब्द

वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें, तेव्हां जुन्या फारशी शब्दांशेजारीं इंग्रजी शब्द येऊन बसले. यवतमाळच्या दिवाणी दाव्यांत कैफियत, दरखास्त व समन्स अजून एकत्र नांदतात. सुज्ञ वाचकांनीं त्यांस भिण्याचें कारण नाहीं. मिताक्षरेनें व्यवहाराचे भाषा, उत्तर, क्रिया व साध्यसिद्धि असे चार पाद सांगितले आहेत. वादीचा दावा ही भाषा, प्रतिवादीची कैफियत हें उत्तर, साक्षीपुरावा ही क्रिया, आणि हुकूमनामा ही सिद्धि. तो अमलांत आणण्याचा अर्ज म्हणजे दरखास्त. जप्ती व लिलांव तिच्या पोटांत येतात.

समन्स मात्र घरांतील सर्वांनीं ओळखावें. प्रतिवादी घरीं नसून लवकर भेटण्याचा संभव नसल्यास तें त्याच्याबरोबर राहणाऱ्या प्रौढ कुटुंबियास देतां येतें. १९७६ च्या दुरुस्तीपासून स्त्रियांसही. प्रतिवादीनें स्वतः नाकारिलें तर बेलिफ तें दारास चिकटवितो, आणि कोर्ट बजावणी झाली असें धरूं शकतें. कैफियतीस सामान्यतः ३० दिवस मिळतात. कोणीच हजर न झाल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊं शकतो. त्याच्या दरखास्तीस वादीला १२ वर्षें असतात, तो रद्द करविण्याच्या अर्जास प्रतिवादीला अवघे ३० दिवस.

म्हणून सुनेच्या हातीं समन्स आलें, तर तिनें तें देवळींत ठेवूं नये. मिळाल्याचा दिवस त्यावर टिपावा, व कर्त्या माणसानें तत्काळ वकील गांठावा.