अर्ध्या डब्यांची बेरीज

रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी कोकणात आजही आहेत. अमेरिकेत तर अशाच बंदुकांनी शिकार आणि नेमबाजी करणारा मोठा हौशी वर्ग आहे. दोन्हीकडे डब्यांच्या तळाशी थोडीथोडी काळी दारू उरते आणि ती एकत्र ओतून डबे मोकळे करावेत, असे कोणालाही वाटते. माझ्या मते ही मुभा एकाच स्थितीत असावी: उत्पादक तोच, दाण्याची प्रत तीच, दोन्ही डबे मूळचे आणि माल कोरडा, सुटा. यातली एक अट जरी हुकली, तरी ती दारू बंदुकीत जाऊ नये.

जाणकारांचा पहिला आक्षेप असा की, काळी दारू इतकी नाजूक नसते. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण दाण्याच्या पृष्ठभागावरून जळत जाते, म्हणून दाणा बारीक तितके ज्वलन जलद. बाजारात ही प्रत 'एफ' अक्षराने सांगतात: दोन एफ जाड, तीन एफ त्याहून बारीक. मग दोन एफमध्ये तीन एफ पडली, तर दाब दोहोंच्या मधला येईल, एवढेच ना? आक्षेपात तथ्य आहे. एकाच कारखान्याच्या दोन प्रती चुकून मिसळल्या आणि बार माफक असला, तर सुस्थितीतली नळी सहसा फुटणार नाही. पण हलत्या डब्यात बारीक दाणा खाली सरकतो, त्यामुळे वरचा बार एक आणि तळाचा दुसराच. नेम बिघडतो तो वेगळाच. मापाने भरण्यालाच अर्थ राहत नाही.

खरा धोका मात्र ओळख हरवण्यात आहे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. आधुनिक काडतुसांत तिचाच वंश वापरला जातो. तिच्यावरही ग्राफाइटचा लेप असतो, त्यामुळे ती करडी-काळीच दिसते. तिच्यासाठी खास न बनवलेल्या ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूच्या मापाने ती भरली, तर नळीच्या चिंधड्या उडू शकतात, आणि नेम धरताना गाल नळीच्या जवळच असतो. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांसारखे पर्याय दिसायला काळ्या दारूच्या जवळचे, पण ते आकारमानाने मोजायचे असतात, वजनाने नव्हे. त्यातही ट्रिपल सेव्हन अधिक जोरकस. नाव नसलेल्या बाटलीत यांपैकी काय पडले आहे, हे डोळ्यांनी सांगणारा तज्ज्ञ मी तरी मानणार नाही. वर्षानुवर्षे हेच करतोय, काही झाले नाही, हा युक्तिवादही इथे लंगडा पडतो. ज्यांच्या बाबतीत झाले, ते वाद घालायला येत नाहीत.

दमटपणाचा प्रश्न कोकणात अधिकच. ओल लागलेली दारू वाळवून पुन्हा चांगली होते, हा समज चुकीचा आहे. सोरा पाण्यात विरघळतो आणि वाळताना भलतीकडे साचतो, मिश्रण एकजीव राहत नाही. गुठळ्या ठेचून फोडणे तर सरळ आगीला बोलावणे. घर्षण आणि ठिणगी या दोन्हींनी ही दारू पटकन पेटते.

राहिला पैशांचा मुद्दा. दारू महाग, मिळायला अवघड, शिवाय परवान्याच्या मर्यादेत, हे खरे. पण एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. ७० ग्रेनचा बार धरला तर शंभर बार. डब्याच्या तळाशी उरते ते पाच-दहा बारांपुरते, आणि तेवढ्यासाठी नळी, बोटे व डोळा पणाला लावायचा. ओळख पटत नसलेल्या मालाबाबत परवाना देणाऱ्या कार्यालयाला किंवा पोलिसांना विचारावे. तोवर तो मूळ भांड्यातच, विस्तव आणि मुलांपासून दूर, 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून ठेवावा. चुलीत, कचऱ्यात किंवा दुसऱ्याच्या डब्यात मात्र टाकू नये.