जुना अल्टरनेटर : दुरुस्त करावा की बदलावा?

कापडाचा धंदा करणाऱ्याने गाडीच्या डायनामोबद्दल काय लिहावे, असे कोणी म्हणेल. परंतु माल गाडीनेच जातो. गाडी रस्त्यात बसली की विणणारा, रंगवणारा आणि विकणारा, तिघांचेही काम अडते. म्हणून आमचा तजुर्बा व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आमचा डिझेल टेम्पो चौदा वर्षांचा आहे. मालेगावहून ग्रे कापड भिवंडीला नेतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अजूनही डायनामोच म्हणतात, चार्जिंग देईनासा झाला. मिस्त्री म्हणाला, ‘‘शेठ, खोलून बघू, दुरुस्त होईल.’’ आम्हाला घाई होती. एका दुकानदाराने कंपनीच्या मालाच्या निम्म्या किमतीत ‘नवा’ दिला. बिल नको म्हटल्यावर आणखी थोडे कमी केले. आम्ही खूश झालो.

चौथ्या महिन्यात रात्री कसारा घाट उतरताना गाडीचे दिवे मंद होत होत विझले. ड्रायव्हर चाचांनी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि पहाटेपर्यंत मागून येणाऱ्या ट्रकांना टॉर्च दाखवीत उभे राहिले. माल एक दिवस उशिरा पोहोचला, त्याचे विशेष काही नाही. पण एखादा ट्रक येऊन आदळला असता, तर चाचांच्या घरच्यांना आम्ही कोणते तोंड दाखवले असते? दुकानदाराची चूक होतीच, पण स्वस्तात नवे मिळाले या आनंदात राहण्याची गफलत आमची होती.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. आधी दोष कुठे आहे ते पाहायचे, मग किंमत विचारायची. पुष्कळदा अल्टरनेटर निर्दोष असतो आणि पट्टा सैल असतो, किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढलेला असतो. बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना मीटरने बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.५ च्या आसपासच राहिले तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळून मरणार. काही जुने मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून बघतात. ती रीत खऱ्या डायनामोच्या जमान्यातली होती. अल्टरनेटरचे डायोड व रेग्युलेटर त्याने जळू शकतात. असे करू देऊ नये.

दोष आतच असेल तर तो कोणता, यावर निर्णय अवलंबून आहे. कार्बन झिजणे, बेअरिंग वाजणे, रेग्युलेटर किंवा डायोडची प्लेट जाणे, हे सर्व सुटे भाग आहेत. मूळ कंपनीचा अल्टरनेटर असेल आणि त्याचे वाइंडिंग शाबूत असेल, तर चांगले भाग घालून तो पुन्हा बांधून घेणे हाच शहाणपणा आहे. याला कंजुषी म्हणू नये. परंतु वाइंडिंग जळून काळे पडले असेल, शाफ्ट झिजला असेल किंवा बेअरिंगची जागाच मोठी झाली असेल, तर दुरुस्तीचा मोह सोडावा. आमच्या धंद्यातले सांगायचे तर, ताणा मजबूत असेल तर रफू टिकते. ताणाच कुजला असेल तर रफूगार कितीही कसबी असो, कापड पुन्हा फाटणारच.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीलाच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. बेअरिंग जाम झाले किंवा पट्टा तुटला, तर चार्जिंगबरोबर व्हॅक्यूमही जातो आणि ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. घाटात याचा अर्थ काय, हे सांगायला नको. पंपाचे तेल गळून आत कार्बनपर्यंत गेले असेल, तर नुसते कार्बन बदलून उपयोग नाही. अशा गाडीत पंप झिजलेला आढळला, तर आम्ही दुरुस्तीचा विचारही करीत नाही.

आता हिशोब पाहू. समजा, कंपनीचा नवा आठ हजारांना मिळतो आणि सहा वर्षे चालतो. दुरुस्तीला तीन हजार लागतात आणि ती दोन वर्षे टिकते. वर्षाला नवा साधारण १,३३३ रुपयांना पडतो, दुरुस्तीचा १,५०० ला. म्हणजे नवाच स्वस्त? होय, पण गाडी आणखी सहा वर्षे आपल्याकडे राहणार असेल तरच. दोन वर्षांनी ती विकायची असेल, तर नव्याचा खर्च वर्षाला चार हजार होतो. म्हणून अल्टरनेटरचे वय विचारण्याआधी गाडीचे उरलेले आयुष्य विचारावे. त्यात गाडी उभी राहिल्याचा तोटाही धरावा. तो आपण वहीत लिहीत नाही, म्हणून तो नसतो असे नव्हे.

बिलाविषयीही दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नियमित पद्धतीने कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीच्या भागांवरील कराची वजावटही मिळते. मग बिनबिलाचा माल घेऊन वाचते काय? वजावट जाते आणि वॉरंटीही जाते.

आमचा जुना अल्टरनेटर मिस्त्रीने सांभाळून ठेवला होता. खोलला तेव्हा वाइंडिंग उत्तम होते. कार्बन, बेअरिंग आणि रेग्युलेटर गेले होते. त्याने ते बदलले, आमच्यासमोर मीटर लावून दाखवला आणि मजुरी सांगितली. आम्ही घासाघीस केली नाही. तोच अल्टरनेटर आजही चालू आहे.

लूमची मोटर जळाली की आपण आधी ती खोलून पाहतो, मग रिवाइंडिंग की नवी ते ठरवतो. गाडीच्या बाबतीत हा धीर का सुटतो? गाडीत आपल्या तागांबरोबर कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी मुलगा बसलेला असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी निर्णय आपोआप बरोबर येईल.